दुसरा वारा

"आये, ते बोंबील राहू द्या. चला."

दर्शना दारात उभी होती. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात लाल दोरीची शिट्टी, पाठीवर दोन वर्षांची जुई लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. मी पडवीत बसून सुके बोंबील पिशव्यांत भरत होते. सकाळचे आठ वाजले असतील, पण उजेड मळक्या पाण्यासारखा होता. माडांच्या झावळ्या सगळ्या एकाच बाजूला वळल्या होत्या, दर्याकडं.

"कुठं चला?"

"शाळेत, टेकडीवर. पुन्हा निरोप आलाय. दुपारपर्यंत वादळ आपल्याच किनाऱ्याला लागणार."

"गेल्या सालीपण लागणार होतं. माणसं दोन दिवस हात बांधून घरात बसली आणि वादळ गेलं अरबांच्या देशात. तिथल्या लोकांना ऐकू गेली होती काय गो तुझी शिट्टी?"

ती काही बोलली नाही. मला तिची हीच सवय खुपायची. आपण बोललं तर समोरच्यानं दोन शब्द परत फेकावेत, म्हणजे भांडण तरी होतं. ही नुसती उभी राहायची आणि शेवटी आपल्याच मनासारखं करायची.

ती माझी सून, हरेश्वरची बायको. बारावी शिकलेली. त्याच्या आदल्या सालच्या मार्चमध्ये तालुक्याला जाऊन पाच दिवसांचं शिक्षण घेऊन आली होती, वादळात माणसं कशी वाचवायची याचं. येताना जाकीट, शिट्टी आणि एक दोर घेऊन आली. दोर बघून मी म्हटलं होतं, "नाखव्याच्या घरात दोर घेऊन आली. उद्या मला मासे खायला शिकवेल."

आमचं गाव नांदखार. खाडीच्या तोंडावर पंचेचाळीस घरं. मी भागीरथी, हसूराम नाखव्याची बायको. गावात मला अजून भागा नाखवीण म्हणतात. नवरा गेला तेव्हा हरू पंधरा वर्षांचा होता. पुढं होडी मी चालवली. दर्यावर गेले नाही, पण कोण खलाशी घ्यायचा, कधी जाळं टाकायचं, मासळी कुठं उतरवायची, सगळं माझ्या तोंडून. होडीवर पुढं दोन्ही बाजूंना नाव होतं 'भागीरथी'. बाकीच्यांच्या होड्यांना देवांची नावं. बायकोचं नाव होडीला देणारा या बंदरात माझाच नवरा. रोज सकाळी धक्क्यावर उभी राहून मी ते नाव बघायची. दुसरी इयत्ता शिकलेल्या बाईला तेव्हा एवढंच वाचता येत होतं; लिहायला पुढं जुईच्या पाटीवर शिकले.

हरू म्हणायचा, "आमच्याकडं दोन भागीरथी. एक पाण्यात असते, ती गप राहते."

आदल्या दिवशी संध्याकाळी चुलीपाशी वादळावरून बोलणं झालं होतं. तोपात पाणी उकळत होतं, झाकण थडथडत होतं. हरू नुकताच होडीला जादा दोर लावून आला होता. पाय चिखलानं भरलेले. तो दर्शनाला म्हणाला, "एकदा नीट समजव. हे होतं कसं? धाकूकाका विचारत होते, मला सांगता येईना."

धाकू म्हणजे आमच्या होडीचा तांडेल, सुकाणूवरचा माणूस. नवऱ्याच्या वेळेपासूनचा.

दर्शनानं तोपाकडं बोट केलं. "ते झाकण बघा. पाणी तापलं की वाफ वर जाते. दर्याचंही तेच. यंदा पाणी भारी तापलंय."

"ते खरं हाय," हरू म्हणाला. "शेवटच्या फेरीला हात घातला तर अंघोळीच्या पाण्यागत. तारली मासळी तर दिसलीच नाय."

"एवढी वाफ वर गेली की खाली हवा विरळ पडते. ती जागा भरायला चहूकडून वारा धावतो. पण पृथ्वी फिरती ना, म्हणून तो सरळ येत नाय, वळतो. गोल फिरायला लागतो. वर वाफेचे ढग झाले की त्यातून पुन्हा ऊब सुटते, ती आणखी वारा ओढते. खालून दर्या जळण घालतच असतो. जमिनीवर चढलं की जळण तुटतं. मग ते मरतं."

"म्हणजे मरायला आमच्या दारात येतं," मी म्हटलं.

हरू हसला. दर्शनापण हसली थोडी. मग तिनं परातीतल्या तांदळाच्या पिठावर बोटानं एक वाटोळं काढलं आणि मधोमध बोट रोवून भोक केलं.

"हा डोळा. वादळाचा. याच्या आत वारा नसतो. हा आपल्या गावावरून गेला, तर आधी वारा डोंगराकडून येईल. मग डोळा डोक्यावर. ऊनसुद्धा पडेल. माणसाला वाटतं, संपलं. आणि मग दुसरा वारा, दर्याकडून. तो वाईट. तो पाणी घेऊन येतो."

"डोळा किती वेळ?" हरूनं विचारलं.

"अर्धा तास. कधी दहा मिनिटं. आमचे सर म्हणाले, घर पडून माणसं मरतात, तशी डोळ्यात बाहेर निघाली म्हणूनही मरतात."

मी परात माझ्याकडं ओढली.

"डोंगराकडचा वारा म्हणजे मतलई," मी म्हटलं. "पहाटे होड्या ज्याच्यावर बाहेर काढतात तो. मतलईत दर्या चटईसारखा पडून असतो. तुझ्या सरांनी कधी नांगर उचललाय? मतलई सुटलाय आणि दर्या गावात शिरलाय, असं या बंदरात कोणी बघितलं नाय. माझ्या सासऱ्यानंपण नाय."

"आये, हा मतलई नसेल. तिकडून येईल, एवढंच."

"वारा तिकडून येतो म्हणजे तो तिकडचाच असतो."

आणि मी त्या पिठावर हात फिरवला. वाटोळं गेलं, डोळा गेला. गरम पाणी ओतलं, पीठ मळलं आणि भाकरी थापली. हरूनं ती भाकरी खाल्ली, कोलिमाच्या चटणीबरोबर. आणखी एक मागितली.

तर त्या सकाळी वारा डोंगराकडूनच होता. मी दर्शनाला म्हटलं, "बघ. मतलई."

"म्हणूनच चला म्हणते," ती म्हणाली.

शेवटी हरू आला. त्यानं बोंबलांची पिशवी उचलली, माझा हात धरला. "आये, टेकडीवर बसून शिव्या दे. तिथनं सगळ्या गावाला ऐकू जातील."

वाटेत बघितलं, तर दर्शनानं गाव बांधून ठेवलं होतं. पत्र्यांवर जाळी टाकून त्यांना दगड लटकावलेले. घरांवर झुकलेल्या फांद्या दोन दिवस आधीच छाटलेल्या. माडावरचे सुके नारळ उतरवलेले. प्रत्येक घरातली काडेपेटी, मीठ आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. लंगड्या सुंदरबायला चौघांनी खुर्चीसकट वर नेलं. मी प्रत्येक गोष्टीला काहीतरी बोलले. आता आठवत नाही काय काय. हसली मात्र माणसं.

शाळेच्या तीन खोल्यांत आम्ही दीड-पावणेदोनशे माणसं. अकराच्या पुढं वारा असा सुटला की बोललेलं आपलं आपल्याला ऐकू येईना. गावातले पत्रे उडून भिंतीवर आदळायचे. मुलं आधी रडली, मग रडायचीपण थांबली. दर्शना भिंतीभिंतीनं फिरत होती, डोकी मोजत होती. कोणाला ओकारी, कोणाला चक्कर. जुई माझ्या मांडीवर झोपली होती. त्या आवाजात कशी झोपली, देवाला माहीत.

मी खिडकीच्या फटीतून खाडी बघत होते. पाणी उतरलं होतं. ओहोटीची वेळ नव्हती, तरी उतरलं होतं. खाडीच्या कडेचा काळा चिखल दिसत होता. डोंगराकडच्या वाऱ्यानं पाणी दर्यात ढकललं होतं. धाकू माझ्या कानाशी ओरडला, "नाखवीण, दर्या भ्यालाय." मी ओरडले, "मग? मी काय सांगत होते?"

एकच्या सुमाराला वारा पडला.

हळूहळू नाही. धरलेला हात सोडावा तसा. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग कोणीतरी दार उघडलं आणि ऊन आत आलं. खरोखर ऊन. अंगणात दर्यावरचे पक्षी उतरले होते, दहा-बारा. नाव माहीत नसलेले, लांब पंखांचे. ते उडत नव्हते. माणूस जवळ गेला तरी नुसते बघायचे. त्यांच्याकडं बघून मला पहिल्यांदा शंका आली. पण ते मी कोणाला सांगितलं नाही.

दर्शना दारात हात आडवे करून उभी राहिली. "कोणी जायचं नाय! हा डोळा हाय. दुसरा वारा येणार."

पुरुष तिच्यावर ओरडत होते. प्रत्येकाला आपलं घर बघायचं होतं. ती शिट्टी वाजवत होती, नावं घेऊन माणसं मागं ओढत होती. धाकूच्या छातीवर हात ठेवून तिनं त्याला आत ढकलला. एवढी मोठी बाचाबाची झाली, पण पुढच्या दारानं एक माणूस तिनं बाहेर जाऊ दिला नाही.

टेकडीवरून धक्का स्पष्ट दिसतो. 'भागीरथी'चे तीन दोर तुटले होते. एकाच दोरावर ती लटकली होती, आडवी, तोंड दर्याकडं.

हरू कोणाचं ऐकला नाही. होडी दिसली आणि तो मागच्या बाजूनं, शाळेची खिचडी शिजते त्या शेडकडून, कुंपणावरून उडी टाकून गेला.

मी तो उतरताना बघितला. मोडलेल्या माडांवरून, पत्र्यांवरून पाय टाकत. धक्क्यावर पोचला, चिखलात उतरला, होडी आणि धक्क्याची भिंत यांच्यामध्ये उभा राहून दोर ओढायला लागला. एक दोर बांधला. दुसरा घेतला. वर बघून हात हलवला. ऊन त्याच्या पाठीवर होतं.

मग दर्याच्या बाजूला आभाळाची भिंत दिसली. काळी नाही, दुधट. आवाज आधी आला. दर्शना शेडपाशी धावत आली आणि शिट्टी वाजवायला लागली. थांबलीच नाही. शिट्टी दातांत धरून वाजवत होती, ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं तरी. हरूनं वर बघितलं. त्याला ऐकू गेली होती. त्यानं हातातला दोर सोडला. भिंतीचे दगड धरून वर चढायला लागला.

वारा फिरला. पाणी खाडीत असं शिरलं, जसं कोणी दार लोटावं. होडी उचलली गेली. पुढचं नाव सरळ धक्क्याकडं वळलं. मला ते वाचता आलं. शेवटचं तेवढंच.

धाकूनं आणि दोघांनी आम्हां दोघींना ओढून आत घेतलं. मग आणखी दोन तास.

तो धक्क्यापाशीच सापडला. होडी त्याच्यावर होती. ती उचलायला अठरा माणसं लागली. फळ्या फुटल्या होत्या, पण नाव शाबूत होतं. मी धाकूला सांगितलं, कुऱ्हाड आण. सगळी होडी फोडायला लावली मी त्या दिवशी. नावाची फळी मी स्वतः फोडली.

आमच्या वरच्या अंगाला, खाडीपलीकडं, एक गाव आहे. तिथली माणसं डोळ्यात बाहेर पडली. वारा पडला म्हणून पत्रे गोळा करायला, गुरं सोडायला. तिथली अकरा माणसं गेली. नांदखारमध्ये एक. पंधरा दिवसांनी साहेब लोक आले. शाळेत खुर्च्या मांडल्या, दर्शनाला उभी केली. एक साहेब म्हणाले, "एवढ्या मोठ्या वादळात या गावात फक्त एक. फक्त एक! हे या ताईंमुळं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दर्शना पांढऱ्या कपाळानं उभी होती. तिच्या ओठांवर अजून खपली होती.

घरी येताना बायका माझ्यापाशी जमल्या. कोणीतरी विचारलं, "हरू गेलाच कसा गो? त्याची बायको तर दारात होती."

मी म्हटलं, "शिट्टी गावाला ऐकू गेली. घरच्याला नाय गेली."

एकदाच बोलले. एकदाच पुरतं. गावात एखादी गोष्ट सोडली की तिला पाय फुटतात. पुढं कोणी लग्नात म्हणायचं, कोणी पाणवठ्यावर म्हणायचं. पोरीला बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगायचे, ती बघा शिट्टीवाली, गाव वाचवलं, नवरा नाय वाचवला. दर्शना ऐकून घ्यायची. माहेरी गेली नाही. माझ्या घरात राहिली, मला दोन वेळ जेवायला वाढलं, जुईला वाढवलं. आमच्या घरासमोर पूर्वी तिवरांची, खारफुटीच्या झाडांची, दाट रांग होती. होडी दारापर्यंत यावी म्हणून ती मीच तोडायला लावली होती. वादळात पाणी तिथूनच गावात घुसलं. खालच्या बाजूला जिथं तिवरं राहिली होती, तिथली पाच घरं उभी राहिली. दर्शनानं पहिल्याच पावसाळ्यात आमच्या दारापुढं तिवराच्या शेंगा रोवायला सुरुवात केली. चिखलात गुडघाभर उभी राहून. मी पडवीतून बघायची. मदत केली नाही. पण काही बोललेपण नाही. माझ्या तोंडाच्या बाईला ते पुष्कळ होतं.

आता त्या तिवरांत बगळे बसतात.

बारा वर्षं झाली. दर साल मे महिन्यात शाळेत तालीम होते. दर्शना सगळ्या गावाला बसवते, कोण कोणाला उचलणार, कोणती खोली कोणाची, बंदरावर धोक्याचा बावटा चढला की किती वेळात निघायचं, हे घोकून घेते. फळ्यावर वाटोळं काढते. मी कधी जात नसे. यंदा जुई म्हणाली, "आजी, यंदा जाकीट मला मिळालंय. ये ना बघायला." म्हणून गेले. मागं बाकावर बसले.

जुई चौदा वर्षांची. नारिंगी जाकीट तिला गुडघ्यापर्यंत येत होतं. फळ्याशेजारी काठी घेऊन उभी होती. दर्शना सांगत होती, "पहिला वारा पडला की कोणीही दाराबाहेर जायचं नाय. मी शिट्टी वाजवली, की जिथं असाल तिथं..."

धाकू आता म्हातारा झालाय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुढच्या बाकावर बसला होता. तो हसून म्हणाला, "शिट्टी गावाला ऐकू जाते, घरच्याला नाय. म्हणून विचारतो, आमी नेमकं कोण गो?"

दोघं-चौघं हसले. वाईट मनानं नाही. ते बोलणं इतकं जुनं झालंय की त्यात आता कोणाला काही टोचत नाही. दर्शना नेहमीसारखी थांबली, ओठ दाबून. पण जुईनं मान खाली घातली. दर्शनाची तशी मान मी बारा वर्षं बघत आले होते. पोरीची पहिल्यांदा बघितली.

आणि ते वाक्य धाकूचं नव्हतं. माझं होतं.

वर मी लिहिलंय, हरू कोणाचं ऐकला नाही. होडी दिसली आणि गेला. ते खोटं आहे. खोडणार होते, पण राहू दे. बारा वर्षं हेच सांगत आले, हातानं सवयीनं तेच लिहिलं.

वारा पडला तेव्हा दर्शना पुढच्या दारात माणसं अडवत होती. मी हरूला खुणेनं शेडमागं बोलावलं. तिथून 'भागीरथी' दिसत होती.

"दोर तुटलेत," मी म्हटलं.

"बघितले."

"मग उभा काय? मतलई थोडा दमलाय. पुन्हा सुटला तर ती दर्यात जाईल. जा, पुढून दोन दोर मार. धक्क्याच्या बाजूला उतर, तिथं आता पाणी नाय."

तो भिंतीला टेकला. लहानपणी नको असलेलं औषध बघून टेकायचा तसा. "आये, दर्शना थांब म्हणते. अर्धा तास बघू. गेली तर गेली, दुसरी बांधू."

"तुझ्या बापानं बांधलीय ती."

"माहीत हाय."

"माझं नाव हाय तिच्यावर."

"आये, तुझं नाव बुडत नाय. तू हायस ना इथं?" आणि तो हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो जाणार नव्हता. हे मला आज जेवढं स्पष्ट दिसतं तेवढंच तेव्हापण दिसलं होतं. बायकोचं त्याला पटलं होतं आणि माझं पटलं नव्हतं, जन्मात पहिल्यांदा.

मग मी एक वाक्य बोलले. एकच. त्याचं हसू गेलं. त्यानं चपला काढून शेडच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि कुंपणावर चढला. वरून एकदाच विचारलं, "पुढून दोनच ना?"

"दोनच."

वळले तर दर्शना कोपऱ्यावर होती. कधी आली, किती ऐकलं, मला कळलं नाही. ती माझ्याकडं न बघता कुंपणाकडं धावली. तोवर तो निम्मा उतरला होता; पुढच्या दारात पुन्हा ओरडा झाला आणि ती तिकडं परत पळाली. बारा वर्षं मी तिचं तोंड वाचत होते. भात वाढताना, दिवा लावताना. ऐकलं असेल तर बोलत का नाही? आणि ऐकलं नसेल तर मी कशाला बोलू?

तर त्या तालमीत मी उठले. गुडघे धरलेले, तरी उठले. म्हटलं, "धाकू, गप बस. शिट्टी त्याला ऐकू गेली होती. त्यानं दोर टाकला होता. मी बघितलं. त्याला मी पाठवलं होतं."

पुढच्या बाकांवरची डोकी मागं वळली.

"तो जात नव्हता. बायको सांगते थांब, म्हणत होता. मी त्याला शेडमागं नेलं." मी शेडकडं हात केला, जशी कोणाला शेड माहीतच नव्हती. "आणि मी त्याला म्हटलं..." भर बाजारात चार गावांशी भांडणारी बाई मी, पण एवढे शब्द वर येईनात. "मी म्हटलं, बायकोच्या शिट्टीवर..."

"बायकोच्या शिट्टीवर नाचणारा नाखवा आमच्या घरात झाला नाय," दर्शना म्हणाली. "बांगड्या भर, नायतर दोर घे."

शब्द न् शब्द. बांगड्यांचं मी विसरले होते.

ती फळ्यापाशी उभी होती, हातात खडू. आवाज चढला नव्हता. माझ्याकडं बघत होती, आणि मला पहिल्यांदा तिच्या डोळ्याला डोळा द्यावा लागला. धाकूनं हात जोडले, कोणाला ते त्यालाच माहीत. जुई आईकडं बघत होती, मग माझ्याकडं. तिच्या हातातली काठी खाली टेकलेली.

मला वाटलं, आता ती सगळं बोलेल. बोलावं तिनं. बारा वर्षांचं साचलेलं. मी उभी राहिले ऐकायला.

तिनं फळ्यावरच्या वाटोळ्याकडं तोंड केलं. मधल्या भोकावर खडू ठेवला.

"बसा, आये," ती म्हणाली. "अजून दुसरा वारा सांगायचा राहिलाय."